उलट्या लवेची खुर्ची

लग्न करून मी या घरात आले तेव्हा माझं आणि सासूबाईंचं पहिलं भांडण पडद्यांवरून झालं. मी हौसेनं पांढरे झिरझिरीत पडदे आणले होते. सासूबाईंनी त्यातला एक हातात घेतला, कापड बोटांत चोळून पाहिलं, "छान आहे" म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन त्याच्या कोपऱ्याला काडी लावली. पडदा भसकन पेटला. त्यांनी तो मोरीत टाकला, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि मला थंडपणे सांगितलं, "नापास."

त्या दिवशी मी रागानं जेवले नाही. नवऱ्यानं माझी समजूत काढली ती अशी, की आईचं मनावर घेऊ नकोस, ती माझ्या शाळेच्या गणवेशालाही काडी लावून बघायची. हे ऐकून माझा राग काही गेला नाही, पण आपण कुठल्या घरात येऊन पडलोय याचा अंदाज आला.

सासूबाई विमानातल्या सीटच्या खोळी शिवायच्या. विमानतळाच्या मागच्या फाटकाला लागून पत्र्याची एक लांबलचक शेड होती, तिथे त्यांची उभी हयात गेली. विमानातल्या कापडाचा नियम असा, की ज्योत धरली तर ते जळलं तरी चालेल, पण ज्योत बाजूला केली की ते आपलं आपण विझलं पाहिजे. नवा गठ्ठा आला की आधी त्याची पट्टी जाळून बघायची, मगच कात्री लावायची. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की त्यांना कापडाच्या दुकानात न्यायचं म्हटलं की आम्ही आधी त्यांच्या पिशवीतली काडेपेटी काढून घ्यायचो.

शेडमध्ये नाना तऱ्हेची विमानं यायची, पण सासूबाईंचा जीव जडला होता तो एकाच जातीच्या विमानावर. शेपटीशी तीन इंजिनं आणि मागे पोटाखालून उघडणारा जिना. शेडमधल्या बायकांनी त्याचं नाव तिगाडा ठेवलं होतं. तीन तिगाडा काम बिगाडा म्हणतात खरं, पण या तिगाड्यानं आमचं कधी काही बिघडवलं नाही. उलट त्याच्याच जिवावर माझ्या नवऱ्याचं शिक्षण झालं आणि घराला वरचा मजला चढला. गंमत अशी, की तिगाडा एका कंपनीकडून दुसरीकडे जायचा, दुसरीकडून तिसरीकडे, पण आतल्या सीटचा सांगाडा तोच राहायचा. त्यामुळे सासूबाईंचे पुठ्ठ्याचे साचेही तेच राहिले. मालक बदलला की फक्त अंगावरचे कपडे बदलायचे.

पहिली कंपनी सरकारी. तिनं तिगाडा कोरा करकरीत घेतला आणि त्याला शेवाळी हिरवं कापड दिलं, मखमलीसारखं, बारीक लव असलेलं. सासूबाईंच्या मते तसं कापड पुन्हा झालं नाही आणि तशी कंपनीही पुन्हा झाली नाही. दुसरी कंपनी एका शेठची. कापड शेठच्या बायकोच्या पसंतीचं होतं, नारिंगी, त्यावर ताटाएवढाली फुलं. शेडमधल्या बायका म्हणायच्या, यात बसलेला माणूस विमान उडायच्या आधीच गरगरेल. ती कंपनी लवकरच बुडाली. त्यात फुलांचा दोष नव्हता असं म्हणतात, पण सासूबाईंना अजून खात्री नाही. तिसरी कंपनी सुट्टीवर निघालेल्या लोकांना समुद्रकाठी नेऊन सोडायची, म्हणून तिचं कापड निळं आणि त्यावर पांढरे मासे. चौथी महाकंजूष. तिनं सीटा इतक्या दाटीनं बसवल्या की गुडघे हनुवटीला लागावेत, आणि कापडाऐवजी पिवळं रेक्झिन लावलं. ओलं फडकं फिरवलं की झालं काम. शेवटची जी कंपनी आली तिनं तिगाड्यातून पार्सलं न्यायला सुरुवात केली आणि सगळ्या सीटा उपटून गोदामात टाकल्या. तिला सासूबाई विमान कंपनीत धरतच नाहीत. माणूस बसत नाही ते विमान कसलं, तो टेम्पो, असं त्यांचं मत आहे.

शेडचे दोन रिवाज होते. एक म्हणजे तयार सीटवर शिवणारीनं बसायचं नाही. पहिली बैठक प्रवाशाची. म्हणून आयुष्यभर सीटा सजवूनही सासूबाई त्यांच्यातल्या एकीवरही कधी टेकल्या नव्हत्या, आणि विमानानं कुठे जायचा तर प्रश्नच आला नाही. दुसरा रिवाज, उरलेली कतरण बायकांनी घरी न्यायची. आता त्या घराघरांत काय झालं असेल ते मला माहीत नाही, पण आमच्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीला नारिंगी फुलं, नवऱ्याच्या जुन्या दप्तरावर मासे, आणि जेवणाच्या टेबलापासून भाजीच्या पिशवीपर्यंत सगळीकडे पिवळं रेक्झिन. माझी मामी पहिल्यांदा घर बघायला आली तेव्हा हळूच मला म्हणाली, पट्टे कुठे बांधायचे गं?

हिरवं कापड होतं इस्त्रीच्या टेबलावर, दोन स्टुलांवर आणि बाबांच्या खुर्चीवर. बाबा म्हणजे माझे सासरे. ते बस चालवायचे.

बाबांच्या खुर्चीची गोष्ट सांगायलाच हवी. सासूबाई शेडमध्ये अगदी नव्या होत्या तेव्हाची. लवेचं कापड कापताना लव वरून खाली पडेल असं बघावं लागतं, म्हणजे सीटच्या पाठीवरून हात खाली नेला की तो अलगद घसरत जातो. सासूबाईंनी घाईत साचा उलटा ठेवला आणि लव खालून वर गेली. असं कापड दिसायला जरा काळपट दिसतं, आणि हात खाली नेला की खरखरीत लागतं. शेडच्या मुकादमीण बाईंनी तो तुकडा त्यांच्या अंगावर टाकला आणि म्हणाल्या, घरी ने आणि रोज बघत बस. सासूबाईंनी तो खरोखरच घरी आणला आणि नवऱ्याच्या खुर्चीच्या पाठीवर चढवला, रोज नजरेसमोर राहावा म्हणून. त्यानंतर त्यांच्या हातून लव कधी उलटली नाही.

पुढे बाबांची नजर हळूहळू जात गेली. आधी रात्रीची बस सुटली, मग दिवसाची, मग चष्म्याचाही उपयोग राहिला नाही. आता ते भिंतीला हात लावत बाहेरच्या खोलीत येतात आणि जी खुर्ची आधी लागेल तिच्या पाठीवरून हात खाली नेतात. गुळगुळीत लागली तर पुढे सरकतात, खरखरीत लागली तर बसतात. एकदा केर काढताना मी खुर्च्यांच्या जागा बदलल्या आणि परत लावायला विसरले. बाबा आले, चाचपत चाचपत बरोबर आपल्या खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, खुर्चीला पाय फुटले वाटतं. बाकी घरभर त्यांना कुणाला ना कुणाला हाक मारावी लागते. कुणालाही न विचारता जाऊन बसावं अशी त्यांची तेवढी एकच जागा.

तिगाडा म्हातारा झाला, एकेक करून सगळे मोडीत गेले, आणि त्यांच्यापाठोपाठ शेडलाही कुलूप लागलं. साचे रद्दीत गेले. सासूबाई घरी बसल्या, म्हणजे बसल्या नाहीतच. त्यांनी माझ्या धडधाकट उशांचे अभ्रे उसवून पुन्हा शिवले. मी दवाखान्यात औषधं देण्याचं काम करते. संध्याकाळी दमून घरी यावं तर माझा पांढरा कोट कंबरेत दोन बोटं आत घेतलेला. त्यांच्या हातांना काम हवं होतं आणि आमच्या घरातलं शिवण संपलं होतं.

अशात बातमी आली की एक शेवटचा तिगाडा विमानतळाच्या जुन्या कोपऱ्यात लोकांना बघायला ठेवणार आहेत. सासूबाई मला घेऊन लगोलग तिथे गेल्या. तिथल्या साहेबांनी कौतुकानं आत नेलं. पुढच्या भागात ते प्रत्येक कंपनीची एकेक रांग मांडणार होते, तीन-तीन सीटांची, म्हणजे आत शिरलेल्या माणसाला या विमानानं कुणाकुणाच्या घरी दिवस काढले ते चालता चालता कळेल. कल्पना चांगलीच होती. पण जुनं कापड मिळेना, गिरण्या बंद पडलेल्या, म्हणून त्यांनी जुन्या फोटोवरून नक्षी छापून घेतली होती. सासूबाईंनी पहिल्या रांगेतल्या हिरव्या सीटवर हात ठेवला आणि विंचू चावल्यासारखा मागे घेतला.

"साहेब, याला लव कुठाय?"

साहेब म्हणाले, लव छापता येत नाही.

"मग हे काढा," सासूबाई म्हणाल्या. "कापड माझ्याकडे आहे."

 परतीच्या बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझं सगळं काम लोकांच्या पाठीखाली गेलं गं. झिजलं, फाटलं, फेकलं. त्याचं वाईट वाटत नाही, ते त्याच्यासाठीच होतं. पण एकदा तरी कुणी नुसतं बघायला यावं असं वाटतं." एवढ्या वर्षांत त्या माझ्याशी असं पहिल्यांदाच बोलल्या. मी त्यांची पिवळी पिशवी माझ्या मांडीवर घेतली.

दुसऱ्या दिवसापासून घरावर धाड पडली. नारिंगी पडदे उतरले. ज्या फुलांच्या नावानं मी इतकी वर्षं बोटं मोडली, ती जाताना माझाच जीव वरखाली झाला. ओट्यापाशी उभं राहिलं की खिडकी उघडीबोडकी वाटायला लागली. नवऱ्यानं दप्तर देताना तोंड वाकडं केलं, एवढा बाप्या माणूस. टेबल सोललं, पिशवी गेली, मी भाजी हातात धरून आणायला लागले. सासूबाई सगळं धुवायच्या, वाळवायच्या, आठवणीतूनच पुन्हा साचे कापून जोडाजोड करायच्या. मशीन दिवसभर चालू असायचं, आणि त्या गुणगुणायच्यासुद्धा. मी त्यांना गुणगुणताना कधी ऐकलंच नव्हतं.

तीन रांगा झाल्या. हिरव्या रांगेपाशी गाडं अडलं. इस्त्रीच्या टेबलाचं आणि स्टुलांचं मिळून दोन सीटांचं कापड निघालं. तिसरीची बैठकही तुकडे जोडून निभावली असती, पण पाठीला अखंड कापड लागतं. असं अखंड हिरवं कापड घरात एकच उरलं होतं, आणि त्याला पाठ टेकून बाबा रेडिओ ऐकत होते.

आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं आणि जो तो आपापल्या कामाला लागला. सासूबाईंनी बाजार पालथा घातला. मग साधं लवेचं कापड आणून माझ्या बादलीत हिरव्या रंगात बुडवलं. कापड शेवाळी व्हायचं सोडून पोपटी झालं, त्याच्यासोबत माझे दोन टॉवेलही. साहेबांचा निरोप आला की दोन सीटाही चालतील, तिसरी रिकामी ठेवू. सासूबाई म्हणाल्या, पहिल्याच रांगेला दात पडलेला बरा दिसतो का? आणि मशीनवर झाकण टाकून बसल्या. त्यांचं गुणगुणणं बंद झालं.

बाबांना दिसत नाही, पण त्यांना कळत नाही असं काही नाही. जेवताना त्यांनीच विषय काढला. म्हणाले, "दोन दिवस झाले, टेप घेऊन माझ्यामागे उभी राहतेस आणि निघून जातेस. माझं माप घेऊन काय शिवायचंय, ते तरी सांग."

"काही नाही. जेवा तुम्ही."

"कापड हवं असेल तर घेऊन जा की."

"नको. त्यात लव उलटी आहे," असं म्हणून त्या ताट घेऊन उठल्या. कारण खोटं नव्हतं, पण खरं कारण ते नव्हतं हे भाजीलाही कळलं असेल.

दोन-तीन दिवसांनी सासूबाई दळण आणायला गेल्या होत्या. मी दवाखान्यातून आले तर बाहेरच्या खोलीत खुर्ची आडवी पडलेली आणि बाबा जमिनीवर मांडी घालून तिच्या पाठीची शिवण बोटांनी शोधत, उसवणीनं एकेक टाका तोडत बसलेले. मी धावले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाले, इतकी पक्की शिलाई घालायला ही काय मला बांधून ठेवणार होती का?

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. डबा त्यांच्या हातातच राहिला. त्या रागावतील असं मला वाटलं. त्या बाबांशेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, ही तुमची जागा आहे."

"मी काय रस्त्यावर पडणार आहे? तुम्ही सगळे आहात ना. हाक मारीन," बाबा म्हणाले. "इतकी वर्षं मला बसायला दिलंस. आता जरा लोकांना बसू दे."

सासूबाईंनी पदरानं नाक पुसलं, त्यांच्या हातातून उसवणी घेतली आणि म्हणाल्या, "उसवायचं तर नीट उसवा, कापड ओढू नका." मग दोघं मिळून उसवत बसले, एक डोळ्यांनी आणि एक बोटांनी. मी आत जाऊन चहा ठेवला आणि थोडी रडलेसुद्धा.

कापड सुटल्यावर सासूबाईंनी त्याची वरची वीतभर पट्टी कापून घेतली आणि ती पुन्हा खुर्चीच्या पाठीवर, वरच्या कडेला शिवून टाकली. खाली दुसरंच कापड लावलं. मी विचारलं, सीटला ती पट्टी कमी नाही का पडणार? त्या म्हणाल्या, विमानात डोक्यामागे पांढरं कापड असतं, त्याच्याखाली काय आहे ते कुणाला दिसणार? मी बघतच राहिले. न दिसणारी बाजूही दिसणाऱ्या बाजूइतकीच नीट हवी, असं म्हणून याच बाईनं माझ्या मुलीची झबली तीनदा उसवली होती. त्यांना माझी नजर कळली असावी. "पहिल्यांदाच चोरी करतेय," त्या म्हणाल्या, "करू दे."

मी आणखी एक शहाणपणा केला. म्हटलं, आता नव्यानं बसवतोच आहोत तर कापड फिरवून लव सरळ करून टाका. सासूबाई दोरा ओवत होत्या. बघते, म्हणाल्या.

तिगाडा लोकांसाठी उघडला त्या दिवशी आम्हाला आधी आत सोडलं. मागच्या, पोटाखालच्या जिन्यानं वर चढलो. बाबांनी माझा हात धरला होता, पण आत शिरल्यावर त्यांनी तो सोडला. सीटांच्या पाठींवरून हात फिरवत ते एकटेच पुढे निघाले. रेक्झिन लागलं तेव्हा हसले आणि म्हणाले, भाजीची पिशवी. मग, हे दप्तर. मग, स्वयंपाकघराची खिडकी. बसच्या थांब्यांची नावं घेत गेल्यासारखे ते एकेक कंपनी मागे टाकत गेले, आणि मी त्यांच्यामागे आमचं सगळं घर ओळीनं मांडलेलं बघत गेले. मला त्या भडक फुलांचा अभिमान वाटेल असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

साहेब हिरव्या रांगेपाशी उभे होते, खूश होते. फक्त एक शंका होती त्यांना. खिडकीजवळची सीट बाकीच्या दोघींपेक्षा जरा काळपट दिसते का, असं त्यांनी विचारलं. मी बघितलं आणि माझ्या लक्षात आलं. सासूबाईंनी लव फिरवली नव्हती. ज्या चुकीनं त्यांना नव्या असताना अख्ख्या शेडसमोर मान खाली घालायला लावली होती, ती त्यांनी सगळे लोक बघायला येणार होते त्या रांगेत, तशीच, मुद्दाम लावली होती.

"उजेड तसा पडतो तिथे," त्या साहेबांना म्हणाल्या.

बाबा रांगेपाशी पोचले. बाहेरच्या सीटच्या पाठीवरून त्यांनी हात खाली नेला, पुढे सरकले. मधल्या सीटवरून नेला, पुढे सरकले. तिसरीवर त्यांचा हात थांबला. त्यांनी तो पुन्हा वर नेला आणि पुन्हा खाली आणला, सावकाश. मग कुणालाही न विचारता वळले आणि बसले.

त्यांनी पाठ मागे टेकली. मग म्हणाले, "खिडकीतून काय दिसतं गं?"

सासूबाईंनी वाकून बाहेर पाहिलं. "भिंत आहे. एक जण शिडीवर चढून रंग देतोय."

"म्हणजे सुटायला अजून वेळ आहे," बाबा म्हणाले आणि शेजारच्या सीटवर हातानं थोपटलं. "बस."

सासूबाईंनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्यांनी सीटवरची नसलेली सुरकुती हातानं सारखी केली, आणि बसल्या.